बाटली दिली की उठतात, थांबवली की बसतात: कोंबड्यांतील जीवनसत्त्वांची कमतरता पुन्हा पुन्हा का होते?

सोलापूर जिल्ह्यातील कोंबडीपालकांची उन्हाळ्याच्या तोंडाशी येणारी तक्रार जवळजवळ ठरलेली असते. ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठीच्या कोंबड्यांच्या, शेडमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काही पिल्ले घोट्यावर बसू लागतात. लेअरच्या, म्हणजे अंड्यांसाठीच्या कोंबड्यांच्या, शेडमध्ये पातळ कवचाची अंडी वाढतात आणि ट्रे भरताना फुटीचा ढीग वेगळा काढावा लागतो. मग औषध दुकानातून बी-कॉम्प्लेक्सची किंवा एडीथ्रीईची, म्हणजे ‘अ’, ‘ड३’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वांची, बाटली येते, पाण्यातून दिली जाते, चार-सहा दिवसांत फरक दिसतो आणि विषय मिटला असे वाटते. पुढच्या बॅचला तेच दुखणे त्याच वयात पुन्हा उभे राहते. ‘‘सायेब, बाटली दिली की चार दिस बरं असतंय, परत हायच की,’’ हे वाक्य मोहोळपासून सांगोल्यापर्यंत ऐकायला मिळते आणि निदानाचा अर्धा भाग त्याच वाक्यात असतो. बाटलीने फरक पडतो याचा अर्थ जीवनसत्त्व कमी पडत होते, हे बहुधा खरे. पण दर बॅचला कमी पडते याचा अर्थ ते खाद्याच्या गोणीपासून पक्ष्याच्या रक्तापर्यंत जाताना वाटेत कुठेतरी गळते आहे. ती गळती शोधल्याशिवाय बाटल्यांचा खर्च थांबत नाही.

असे म्हणण्याला आधार आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या कोंबड्यांच्या पोषणमानानुसार अंड्यावरील कोंबडीला एक किलो खाद्यात सुमारे ३,००० आंतरराष्ट्रीय एकके, म्हणजे पाकिटावर छापलेले आय.यू., इतके ‘अ’ जीवनसत्त्व पुरते, आणि ब्रॉयलरला १,५००. बाजारातील चांगला प्रीमिक्स, म्हणजे खाद्यात मिसळायची जीवनसत्त्वांची तयार पूड, सांगितलेल्या प्रमाणात घातला तर किलोमागे ८,००० ते १२,००० एकके पडतात. ‘ड३’ची गरज लेअरला किलोमागे ३०० एककांच्या आसपास असते आणि प्रत्यक्षात घातली जातात ती दोन-तीन हजारांहून अधिक. एवढी मोठी जादा ठेव असताना कमतरता दिसत असेल, तर एखाद्या लहानशा कारणाने ती झालेली नसते. माझ्या अनुभवात नेहमी दोन किंवा तीन गळत्या एकत्र सापडतात आणि पालक मात्र त्यांतील एकच शोधून थांबतो.

आधी हे दुखणे जीवनसत्त्वांचेच आहे का ते पाहावे

पाय गेले आणि मान वाकली की सगळे जीवनसत्त्वांच्या नावावर खपवण्याची सवय घातक आहे. मानमोडी, म्हणजे राणीखेत, या रोगातून वाचलेल्या पक्ष्यांच्या माना पिळवटतात. पण त्याआधी शेडमध्ये हिरवट पातळ विष्ठा, श्वासाची घरघर आणि वेगाने वाढणारी मरतूक होऊन गेलेली असते. ‘ब१’ कमी पडल्यावर मान मागे खेचली जाते आणि पक्षी घोट्यांवर बसून जणू आकाशाकडे पाहत राहतो. शेडमधील इतर पक्षी मात्र खात-पीत असतात आणि मरतूक हळूहळू होते. मरेक रोगात एक पाय पुढे आणि एक पाय मागे असा पक्षी पसरतो, आणि ते बहुधा दोन महिन्यांच्या पुढच्या वयात. ‘ब२’च्या कमतरतेत पायाची बोटे आत मुठीसारखी वळतात, बहुधा दोन्ही पायांची, आणि तेही दहा ते एकवीस दिवसांच्या पिल्लांत. शवविच्छेदनात मांडीतील जाड मज्जातंतू मरेकमध्ये बहुधा एकाच बाजूचा सुजलेला असतो, तर ‘ब२’मध्ये दोन्ही बाजूंचे सुजून मऊ झालेले दिसतात. पहिल्या तीन आठवड्यांतील पिल्लू तळहातावर घेतल्यावर त्याच्या डोक्याची बारीक थरथर हाताला जाणवत असेल, तर साथीच्या मेंदूदाहाचा, म्हणजे एव्हियन एन्सेफॅलोमायलायटिसचा, संशय घ्यावा. त्यावर कोणतीही बाटली उपयोगी नाही.

डोळ्यांबाबतही असाच गोंधळ होतो. थंडीत पडदे लावून ठेवलेल्या शेडमध्ये ओल्या लिटरचा, म्हणजे जमिनीवर पसरलेल्या भुश्याच्या थराचा, अमोनिया साचून डोळे लाल होतात आणि पाणावतात. शेडमध्ये खाली वाकल्यावर आपल्याच डोळ्यांत चुरचुर झाली तर ‘अ’ जीवनसत्त्वाचा विचार दुसऱ्या दिवशी करावा, आधी पडदे उघडून लिटर हलवावे.

एक सूचना येथे ठामपणे द्यावी लागते. एका दिवसात मोठी मरतूक झाली, तुरे निळे पडले किंवा चेहरे सुजले, तर पक्षी स्वतः फाडून पाहू नये. ती बर्ड फ्लूची लक्षणे असू शकतात. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तातडीने कळवावे आणि शेडवरून काहीही बाहेर जाऊ देऊ नये.

दुखणे कधी दिसले यावरून ते कधी सुरू झाले हे कळते

समस्या शोधताना सर्वांत उपयोगी पडणारी आणि सर्वांत कमी वापरली जाणारी गोष्ट म्हणजे तारीख. ‘ब’ गटातील जीवनसत्त्वे, ‘ब१२’ वगळता, शरीरात फारशी साठत नाहीत. म्हणून त्यांची कमतरता दोन-तीन आठवड्यांत उघडी पडते आणि कारण शोधायचे ते चालू गोणीत आणि चालू औषधात. ‘ड३’चे खाते मधले आहे: लेअरला ते मिळेनासे झाले की दोन-तीन आठवड्यांत कवच पातळ होऊ लागते आणि पाठोपाठ अंडी घटतात. ‘अ’ जीवनसत्त्व मात्र यकृतात भरपूर साठते. मोठ्या कोंबडीला ते जवळजवळ पूर्ण तुटले तरी लक्षणे दिसायला दोन ते पाच महिने लागतात. म्हणजे दिवाळीत खाद्य बदलले असेल तर डोळे चिकटलेले पक्षी महाशिवरात्रीच्या सुमारास दिसू लागतील, आणि तोवर पालक ते खाद्य विसरलेला असतो. म्हणूनच शेडच्या वहीत खाद्याची प्रत्येक गोणी कधी उघडली, मका कुठला होता, प्रीमिक्सचा बॅच क्रमांक काय होता, हे लिहिलेले असावे. मरतूक आणि अंड्यांचा हिशेब बहुतेक जण लिहितात. खाद्याचा बदल क्वचितच कोणी लिहितो.

पिल्लांच्या बाबतीत तारीख आणखी मागे न्यावी लागते. पहिल्या काही दिवसांचे जीवनसत्त्व पिल्लू अंड्यातून, म्हणजे आईच्या खाद्यातून, घेऊन येते. एकाच हॅचरीची पिल्ले आसपासच्या अनेक शेडवर एकाच वयात बसत असतील, तर आपले खाद्य बदलण्याआधी त्या शेजाऱ्यांना एक फोन करावा. मूळ कारण पैदाशीच्या कळपात असू शकते.

ज्वारीचा प्रश्न

सोलापुरात हा मुद्दा वेगळा लिहावा लागतो, कारण आपल्याकडे ज्वारी हाताशी असते. मक्याचा भाव चढला की घरी खाद्य तयार करणारे पालक मका कमी करून ज्वारी, बाजरी किंवा कणी घालतात. ज्वारी काही वाईट धान्य नाही. ऊर्जेच्या दृष्टीने ती मक्याच्या जवळपास आहे आणि मालदांडीसारख्या पांढऱ्या ज्वारीत पचनाला अडथळा करणारे टॅनिनही फारसे नसते. उणीव एकच आहे: पिवळ्या मक्यात असलेले कॅरोटीन, ज्यापासून कोंबडी ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते, ते पांढऱ्या ज्वारीत जवळजवळ नसते. प्रीमिक्स ताजा आणि पुरेसा असेल तर याने काही बिघडत नाही. पण मका असताना अर्धामुर्धा प्रीमिक्सही निभावून जातो आणि ज्वारीवर गेल्यावर तोच प्रीमिक्स उघडा पडतो, हे ध्यानात येत नाही. बलक फिका पडला ही पहिली खूण होय. अर्थात फिका बलक म्हणजे लगेच ‘अ’ची कमतरता नव्हे, कारण बलकाचा रंग आणि जीवनसत्त्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तो केवळ आधाराचा मका निघून गेल्याचा निरोप असतो. उलट बलकाला रंग आणणारे द्रव्य खाद्यात घालून बलक पिवळाजर्द केला, म्हणून जीवनसत्त्व भरून निघत नाही.

मोहोळ तालुक्यातील एका लेअर शेडवर पाहिलेला प्रकार येथे सविस्तर सांगण्यासारखा आहे. कोंबड्यांच्या पापण्या चिकटलेल्या होत्या आणि नाकातून चिकट स्राव येत होता, म्हणून कोरायझा, म्हणजे कोंबड्यांची संसर्गजन्य सर्दी, समजून प्रतिजैविकाचा एक कोर्स झालेला होता. पण कोरायझाचा उग्र वास नव्हता, चेहऱ्याची सूज नव्हती आणि रोग पिंजऱ्यामागून पिंजरा असा पसरतही नव्हता. खालची पापणी बोटाने हळूच दाबली की आतून पांढरा, पनीरच्या चुऱ्यासारखा गोळा अख्खा बाहेर येत होता. मेलेली कोंबडी चोचीपासून कापून अन्ननलिका उघडी केली तेव्हा आतल्या गुलाबी अस्तरावर टाचणीच्या डोक्याएवढ्या पांढऱ्या पुळ्या रांगेने उठलेल्या होत्या. देवीच्या रोगातही तोंडात पांढरट थर येतो, पण तो खरवडला की खालून रक्त येते. येथील पांढरा पापुद्रा रक्त न येता सुटत होता. मूत्रपिंडे फिकट होती आणि मूत्रनलिकांत खडूसारखे पांढरे युरेट साचलेले होते. खाद्यात मक्याऐवजी पावसात सापडून काळी पडलेली ज्वारी तीन-चार महिने जात होती आणि प्रीमिक्सची गोणी त्याहून जुनी होती.

‘अ’ जीवनसत्त्वाचे काम शरीराची आतली अस्तरे ओलसर आणि शाबूत ठेवण्याचे आहे. ते तुटले की डोळा, नाक, अन्ननलिका आणि मूत्रमार्ग यांचे अस्तर कोरडे व खरखरीत होते आणि त्या भेगांतून जंतू शिरतात. म्हणूनच अशा कळपाला प्रतिजैविकाने थोडे बरे वाटते आणि खरे कारण आणखी काही आठवडे झाकून राहते.

पाय, कवच आणि ‘ड३’

आपली शेड पूर्व-पश्चिम बांधलेली असते आणि तशीच असावी, म्हणजे थेट ऊन आत येत नाही. उन्हाळ्यात बाजूंना ओली गोणपाटे लावली की उरलेलाही प्रकाश मंदावतो. त्यामुळे बंदिस्त पक्ष्याला सूर्यप्रकाशातून ‘ड’ जीवनसत्त्व मिळेल ही आशा धरू नये. त्याला लागणारे सगळे ‘ड३’ खाद्यातूनच जाते. माणसाच्या किंवा जनावरांच्या औषधातील ‘ड२’ कोंबडीला फारसे लागू पडत नाही, म्हणून घरातली उरलेली औषधे शेडवर नेण्यात अर्थ नाही.

कमतरतेची परीक्षा हाताने करता येते. तीन आठवड्यांच्या पिल्लाची चोच दोन बोटांत धरून हलकेच दाबावी. ती रबरासारखी वाकली, आणि शवविच्छेदनात बरगड्यांच्या सांध्यांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या, तर मुडदूस पक्का समजावा. मात्र मुडदूस ‘ड३’मुळे, कॅल्शियममुळे की फॉस्फरसमुळे, हे चोच सांगत नाही. हलक्या प्रतीच्या डीसीपीने, म्हणजे खाद्यात घालायच्या डायकॅल्शियम फॉस्फेटने, होणारा फॉस्फरसचा तुटवडा हुबेहूब असाच दिसतो. नुसते कॅल्शियम वाढवून फरक पडत नसेल तर ‘ड३’ आणि डीसीपी या दोन्हींची तपासणी करावी. कॅल्शियम आणखी वाढवले तर फॉस्फरसचे गणित अधिकच बिघडते.

लेअरमध्ये एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जाते आणि त्यासाठी कोंबडीच्या पोटात रोज चार ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जावे लागते. कवच बव्हंशी रात्री तयार होते, म्हणून शिंपल्याचे किंवा चुनखडीचे जाडसर तुकडे संध्याकाळच्या खाद्यात द्यावेत. पीठ केलेली चुनखडी रात्र व्हायच्या आत पुढे निघून जाते. मे महिन्यात आणखी एक गुंता होतो. उष्णतेने कोंबडी धापा टाकते, त्यात कर्बवायू बाहेर फेकला जातो, रक्तातील बायकार्बोनेट घटते आणि कवच तयार करायला मालच उरत नाही. अशा वेळी पातळ कवच दिसते ते ‘ड३’ अगदी व्यवस्थित असतानाही. दुपारच्या धापा कमी करणे, म्हणजे पाण्याचे बारीक तुषार उडवणारे फॉगर, छतावर पाचटाचे आच्छादन, गार पाणी, हा त्यावरचा उपाय आहे. पिंजऱ्यातील कोंबडी सकाळी बसलेली सापडली आणि खाली जमिनीवर सोडल्यावर एक-दोन दिवसांत उभी राहिली, तर तिची हाडे कवचासाठी रिकामी झाली आहेत असे समजून संपूर्ण कळपाचा कॅल्शियम, फॉस्फरस आणि ‘ड३’चा हिशेब त्याच आठवड्यात तपासावा.

‘ई’, ‘के’ आणि बाकीची मंडळी

‘ई’ जीवनसत्त्वाची कमतरता पंधरा ते तीस दिवसांच्या पिल्लांत दिसते: पिल्लू तोल जाऊन मागे पडते, पाय झाडते, डोके मागे किंवा छातीखाली वळवते, आणि लहान मेंदूवर रक्ताळलेले डाग सापडतात. सेलेनियमही कमी असेल तर छातीखालच्या कातडीत निळसर-हिरवा द्रव साचतो. येथे गुन्हेगार बहुतेक वेळा खवट तेल असतो. खाद्यातील तेल खवट झाले की ते ‘ई’ जीवनसत्त्व खाऊन टाकते, आणि राईस पॉलिशमधील, म्हणजे तांदूळ सडताना निघणाऱ्या बारीक कोंड्यातील, तेल उन्हाळ्यात फार झपाट्याने खवट होते. हे थोडे विचित्र आहे, कारण हेच पॉलिश ‘ब१’चे उत्तम भांडार होय. १८९०च्या दशकात जावा बेटावर क्रिस्तियान आइकमान यांनी पॉलिश केलेल्या तांदळाच्या भातावर ठेवलेल्या कोंबड्या लुळ्या पडताना आणि कोंड्यासह तांदूळ मिळताच उठताना पाहिल्या. त्या कामासाठी त्यांना १९२९चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ‘के’ जीवनसत्त्वाचा शोधही पिल्लांवरच्या प्रयोगांतून लागला. कोपनहेगनमध्ये हेन्रिक डाम यांच्या चरबीविरहित खाद्यावरील पिल्लांना रक्तस्राव होऊ लागला होता, आणि १९४३चे नोबेल पारितोषिक डाम आणि डॉयझी यांना मिळाले.

‘के’ची कमतरता आपल्याकडे चोच कापताना उघडी पडते: रक्त थांबत नाही. त्याआधी सल्फा गटातील औषध पाण्यातून गेले आहे का, ते विचारावे. बायोटिन, नायसिन, कोलीन आणि मँगेनीज यांच्या तुटवड्याने घोट्यामागची शीर घसरून पाय बाजूला वळतो, आणि तो वळला की परत येत नाही. असा पक्षी वेगळा काढावा आणि उरलेल्यांचे खाद्य सुधारावे. चोचीच्या कोपऱ्यात आणि पापण्यांच्या कडेला खपल्या दिसल्या तर पँटोथेनिक आम्ल आठवावे. तळपायाच्या जखमा बायोटिनने होतात खऱ्या, पण आपल्या शेडवर त्या ओल्या लिटरनेच जास्त होतात. ‘क’ जीवनसत्त्व कोंबडी स्वतःच्या मूत्रपिंडात तयार करते. ते उन्हाळ्यात ताण हलका करण्यासाठी देतात, कमतरता भरून काढण्यासाठी नव्हे.

गळती कुठे कुठे होते

पहिली जागा गोदाम. बहुतेक ठिकाणी प्रीमिक्स पत्र्याच्या खोलीत, औषधांच्या फळीवर किंवा थेट मक्याच्या थप्पीवर ठेवलेला असतो. बाहेर ४२ अंश असताना पत्र्याखाली काय होत असेल ते सांगायला नको. त्याहून वाईट म्हणजे कोलीन क्लोराइड, खनिज मिश्रण आणि जीवनसत्त्वे एकाच पिंपात मिसळून ठेवण्याची पद्धत. कोलीन क्लोराइड हवेतील ओल ओढते, त्या ओलीत तांबे आणि लोखंडाची संयुगे जागी होतात आणि ‘अ’, ‘ड३’, ‘के’ यांचा फडशा पाडतात. पिंपातील पूड हाताने दाबल्यावर गोळा होत असेल किंवा तिच्यावर तपकिरी डाग असतील तर ती खाद्यात घालू नये. प्रीमिक्स उन्हाळ्यात एका महिन्याच्या वापराएवढाच आणावा, घरातल्या गार आणि अंधाऱ्या खोलीत ठेवावा, गोणीचे तोंड रोज बांधावे, आणि कोलीन व खनिजे खाद्य तयार करायच्या दिवशीच त्यात मिळवावीत.

दुसरी जागा मिश्रण. प्रीमिक्सचे प्रमाण टनाला अर्धा किलो असेल तर शंभर ग्रॅम खाद्य खाणाऱ्या कोंबडीच्या वाट्याला रोज फक्त पन्नास मिलिग्रॅम पूड येते, चिमटीतही धरता येणार नाही इतकी कमी. ती टनभर मक्याच्या भरड्यावर भिरकावून खोऱ्याने चार वेळा उलथापालथ केली, तर काही पक्ष्यांना तिप्पट आणि काहींना काहीच मिळत नाही. शेडच्या एकाच भागातील पक्षी बसलेले असतील, किंवा एका गोणीपासून त्रास सुरू झाला असेल, तर संशय येथे घ्यावा. आधी दहा-वीस किलो बारीक भरड्यात प्रीमिक्स नीट कालवून मग ते मोठ्या मिश्रणात टाकले, तर हा दोष बिनखर्चात जातो.

तिसरी गळती उष्णतेची. हिवाळ्यात ११० ग्रॅम खाणारी लेअर मे महिन्यात ९० ग्रॅमवर येते, म्हणजे तिला मिळणारी प्रत्येक गोष्ट अठरा टक्क्यांनी घटते. वर सांगितलेल्या जादा ठेवीपुढे ही घट एकटी काहीच नाही. पण गोदामात निम्मी ताकद गेलेला प्रीमिक्स, कॅरोटीन नसलेली ज्वारी आणि घटलेले खाणे असे तिघे भेटले की मग आजार उभा राहतो. उन्हाळी आजार पावसाळ्यात आपोआप बरा होतो तो खाणे वाढल्यामुळे. प्रीमिक्स तसाच मेलेला असतो आणि पुढच्या मार्चमध्ये तेच नाटक पुन्हा लागते.

चौथी जागा खुद्द पक्ष्याचे पोट. रक्ती हगवणीने सोललेले आतडे, गोल जंत, किंवा अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाने खराब झालेले यकृत असेल, तर ‘अ’, ‘ड’, ‘ई’, ‘के’ ही चरबीत विरघळणारी चारही जीवनसत्त्वे पोटात जाऊनही शोषली जात नाहीत. चौदा टक्क्यांहून अधिक ओलीचा मका आणि जुनी भुईमूग पेंड यांच्यावर बुरशी वाढते; धुतल्याने किंवा ऊन दाखवल्याने बुरशीचे विष जात नाही. यकृत पिवळट, ठिसूळ किंवा मोठे दिसले तर आणखी जीवनसत्त्वे विकत आणण्याआधी मका बदलावा. रक्ती हगवणीवर वापरले जाणारे अँप्रोलियम हे रचनेने ‘ब१’सारखेच असते आणि त्याची जागा अडवूनच ते काम करते. त्याचा कोर्स चालू असताना सोबत बी-कॉम्प्लेक्स दिले तर औषधाचा जोर कमी होतो. कोर्स लांबवत नेला तर ‘ब१’ची कमतरता होते. दोन्ही चुका मी एकाच शेडवर एकाच आठवड्यात होताना पाहिल्या आहेत.

पाण्याचाही विचार करावा. छतावरच्या टाकीत दुपारचे पाणी तापते, उजेडाने ‘ब२’ नष्ट होते आणि क्लोरीनने इतर काही जीवनसत्त्वांचे नुकसान होते. सकाळी सात वाजता ड्रममध्ये कालवलेले औषध संध्याकाळपर्यंत पाजत राहणे म्हणजे दुपारनंतर नुसते रंगीत पाणी पाजणे होय. पहाटेच्या गारव्यात दोन-तीन तासांत संपेल एवढ्याच पाण्यात औषध द्यावे, त्या दिवशी त्या पाण्यात क्लोरीन घालू नये, आणि निप्पलच्या नळ्यांतील चिकट साय आधी धुऊन काढावी.

उपचारातूनच निदान

एकाच वेळी चार बाटल्या देऊ नयेत, कारण मग कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही. बसलेल्या पिल्लांपैकी काही वेगळ्या खणात घ्यावीत आणि त्यांना फक्त संशयित जीवनसत्त्व द्यावे. तेवढीच दुसरी पिल्ले तेच खाद्य देऊन औषधाविना ठेवावीत. ‘ब१’ आणि ताजी ‘ब२’ कमतरता असेल तर उत्तर लवकर मिळते. ‘ब२’साठी पिल्लाला लागोपाठ दोन दिवस शंभर-शंभर मायक्रोग्रॅम इतकी अल्प मात्राही पुरते, अर्थात त्यानंतर खाद्य सुधारले तरच. बोटे वळून बरेच दिवस झाले असतील तर मज्जातंतू कायमचा खराब झालेला असतो, आणि असे पिल्लू उठले नाही म्हणून निदान चुकले असे समजू नये. औषधाविना ठेवलेली पिल्लेही तेवढीच उठली, तर कारण वेगळे आहे.

मात्रा पशुवैद्यकाकडूनच घ्यावी, कारण जास्त म्हणजे चांगले हा नियम येथे चालत नाही. ‘अ’ अति झाले की ते ‘ड’, ‘ई’ आणि ‘के’ यांच्या शोषणाच्या आड येते. ‘ड३’ अति झाले की मूत्रपिंडात चुना साचतो. दर आठवड्याला एडीथ्रीई देणाऱ्या शेडवर पाय कमजोर दिसले तर मी आधी ती बाटली बंद करायला सांगतो.

परसातल्या गावरान किंवा गिरिराज कोंबड्यांना हे सगळे क्वचितच लागते. मोकळे ऊन, किडे, गांडुळे आणि बांधावरचे गवत त्यांचे बरेचसे भागवते. त्यांना कोंडून ठेवायची वेळ आली, किंवा दुष्काळात हिरवे संपले, तर लसूणघास किंवा शेवग्याचा पाला चिरून टाकावा. करमाळा-बार्शीकडे शेवगा भरपूर आहे आणि त्याच्या पाल्यात कॅरोटीन विपुल असते.

तपासणीसाठी नमुना पाठवायचा असेल तर तालुक्याच्या दवाखान्यातून किंवा सोलापूरच्या जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयातून मार्गदर्शन घ्यावे. गरज पडली तर ते पुण्यातील औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे पाठवतात. नुकतेच बसलेले दोन-तीन जिवंत पक्षी मेलेल्या पक्ष्यांपेक्षा अधिक उपयोगी असतात. खाद्याचा नमुना एकाच गोणीच्या वरून न घेता चार-पाच गोण्यांच्या मधून थोडा थोडा घेऊन एक किलो करावा, काळ्या पिशवीत घट्ट बांधून गार पेटीत ठेवावा, आणि प्रीमिक्सचे रिकामे पाकीट बॅच क्रमांकासह सोबत द्यावे. पारदर्शक बरणीत भरून मोटारसायकलला लटकवून उन्हातून नेलेल्या नमुन्यात जीवनसत्त्व कमी निघाले, तर ते शेडवर कमी होते की वाटेत गेले, हे प्रयोगशाळेलाही सांगता येत नाही.